पळायला निघण्याआधी दवबिंदू बघा

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या हाफसाठी, म्हणजे 21 किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनसाठी, तयारी करणाऱ्यांच्या प्रत्येक ग्रुपवर ऑक्टोबर उजाडला की एकच तक्रार फिरू लागते. गेल्या जानेवारीत ज्या पेसने (पळण्याच्या वेगाने) अख्खी हाफ काढली, त्या पेसला आता आठव्या किलोमीटरलाच जीव मेटाकुटीला येतोय, फिटनेस गेला की काय? मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. लोह तपासून घ्या, बूट बदला, प्रोटीन वाढवा. एखादी मावशी सांगते की टायमिंग सगळ्यांना दाखवत जाऊ नकोस, दृष्ट लागते. कुणीतरी शहाणा म्हणतो, "अहो, ह्युमिडिटी आहे." त्यावर पुण्याहून लगेच उत्तर येतं, "आमच्याकडे डिसेंबरात पहाटे फोनवर ह्युमिडिटी 90 टक्के दिसते आणि त्याच दिवसांत आमची सगळ्यात भारी टायमिंग येतात. त्याचं काय?"

हा पुणेकर प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट समजलं की तयारीतले निम्मे वाईट दिवस मनाला लावून घ्यावे लागत नाहीत.

आधी शरीराचा हिशेब मांडू. सपाट रस्त्यावर पळताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, ढोबळमानाने एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे 60 किलो वजनाचा माणूस तासाला 10 किलोमीटर पळत असेल तर तासाला 600 किलोकॅलरी, मिनिटाला 10. स्नायू यातली जेमतेम 20 ते 25 टक्के ऊर्जा हालचालीत घालतात, बाकीची थेट उष्णता होते. शिवाय सपाट रस्त्यावर आपण डोंगर चढून उंची कमावत नसल्यामुळे हालचालीतली ऊर्जाही शेवटी बहुतांश उष्णतेतच जमा होते. आता 60 किलोचं शरीर एक अंशाने तापवायला सुमारे 50 किलोकॅलरी लागतात. मिनिटाला 10 किलोकॅलरी तयार होत असतील आणि त्यातली काहीच बाहेर पडली नाही, तर दर पाच मिनिटांनी शरीर एक अंशाने तापेल. 37 वरून निघालेला माणूस पंधरा-वीस मिनिटांत 40 पार करेल. हाफ मॅरेथॉन 21.0975 किलोमीटरची असते, म्हणजे आपल्यासारख्या हौशी लोकांना दोन तास किंवा त्याहून जास्त. तेवढा वेळ आपण पळू शकतो, कारण ही उष्णता सतत बाहेर टाकली जात असते.

ती बाहेर टाकण्याचं मुख्य साधन म्हणजे घाम. पण नुसता आलेला घाम नव्हे, वाळलेला घाम. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला 'अप्रकट उष्मा' इथे कामाला येतो. त्वचेच्या तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे 580 किलोकॅलरी शोषून घेतं. वरच्या हिशेबातल्या तासाभराच्या उष्णतेची एवढ्याने जवळजवळ विल्हेवाट लागते. मात्र तोच लिटरभर घाम कोपरावरून टपटप रस्त्यावर गळला, किंवा सुती टी-शर्ट आणि मोज्यांतून बुटात उतरला, तर त्याने शरीर गार करण्याचं काम जवळपास शून्य केलं. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता आतच राहिली. ऑक्टोबरात लाँग रन (लांब पल्ल्याची धाव) संपवून आलेल्या मुंबईकराच्या बुटातून प्रत्येक पावलाला पचपच आवाज येतो, तो या वाया गेलेल्या घामाचा आवाज आहे.

आता मुद्दा असा, की घाम वाळणार की गळणार हे ठरतं कशावर? इथे थोडं बारकाईने बघू, कारण या सगळ्या विषयातला मला सर्वात देखणा वाटणारा भाग हाच आहे.

ओल्या त्वचेला लागून असलेला हवेचा पातळ थर बाष्पाने पूर्ण भरलेला असतो. त्वचा 35 अंशांवर असेल तर त्या थरातल्या बाष्पाचा दाब सुमारे 42 मिलिमीटर पारा असतो. (रक्तदाब मोजतात तेच एकक.) आजूबाजूच्या हवेतही बाष्प असतं, त्याचाही दाब असतो. बाष्प जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं, आणि या दोन दाबांतला फरक जितका मोठा तितका घाम भराभर वाळतो. महत्त्वाचा आहे तो हा फरक. फोनवर दिसणारी 'ह्युमिडिटी' म्हणजे सापेक्ष आर्द्रता हा फरक सांगतच नाही. ती फक्त एवढंच सांगते, की या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढं बाष्प मावेल त्याच्या किती टक्के सध्या आहे. थंड हवेत मुळात मावतंच कमी. त्यामुळे थंड हवेतले 90 टक्के आणि उष्ण हवेतले 90 टक्के यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

आकडे घालून बघा. पुण्यात डिसेंबरातली पहाट, तापमान 12 अंश, आर्द्रता 90 टक्के. 12 अंशांच्या हवेत कमाल बाष्पदाब साधारण 10.5 मिलिमीटर, त्याचे 90 टक्के म्हणजे 9.5. त्वचेच्या 42 मधून हे वजा केले की फरक उरतो 32 च्या वर. मुंबईत ऑक्टोबरातली पहाट, तापमान 26, आर्द्रता तीच 90 टक्के. 26 अंशांना कमाल दाब 25 मिलिमीटर, त्याचे 90 टक्के म्हणजे 22 ते 23. फरक उरला जेमतेम 19. फोनवरचा आकडा दोन्हीकडे सारखाच, पण घाम वाळवण्याची हवेची ताकद मुंबईत 60 टक्क्यांच्या आसपास आली.

याहून गंमत साताऱ्यात आहे. सप्टेंबरात होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना कधी कधी धुकं असतं. धुकं म्हणजे सापेक्ष आर्द्रता 100 टक्के, याहून वर आकडाच नाही. तरीही हवा 20 अंशांची असेल तर तिचा बाष्पदाब 17.5 मिलिमीटर आणि त्वचेशी फरक 24 च्या पुढे. म्हणजे यवतेश्वरच्या भर धुक्यात घाम मुंबईच्या 90 टक्क्यांपेक्षा चांगला वाळतो! थंडीत त्वचाही थोडी गार असते, त्यामुळे हा फरक मी मांडला त्याहून काहीसा कमी भरेल. पण तिथे गार वारा उष्णता परस्पर ओढून नेतो, घामावरचा भारच हलका होतो.

मग बघायचं काय? दवबिंदू. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातल्या बाष्पाचं दव पडू लागेल, ते तापमान म्हणजे दवबिंदू. हवेत प्रत्यक्ष किती बाष्प आहे हे तो एका आकड्यात सांगतो, टक्क्यांची भानगड नाही. वरच्या पुण्याच्या पहाटेचा दवबिंदू 10 अंश, यवतेश्वरच्या धुक्याचा 20 आणि मुंबईच्या पहाटेचा 24. बहुतेक हवामान ॲपमध्ये तो 'ड्यू पॉइंट' या नावाने खाली कुठेतरी असतो, थोडं सरकवून बघावं लागतं. माझा ढोबळ नियम असा: 15 च्या खाली असेल तर मनासारखं पळा, 20 च्या वर गेला तर पेस सैल सोडा, 23-24 ला पोचला तर घड्याळाकडे न बघता श्वासाच्या अंदाजाने पळा. शेजारच्याशी वाक्य पूर्ण करता आलं पाहिजे, इतपत.

विदर्भातल्या वाचकांना हे वेगळं समजावायला नकोच. मे महिन्यात 44 अंशांना वाळ्याचा कूलर खोली गारेगार करतो आणि पावसाळा लागून तापमान 30 वर आलं की तोच कूलर नुसती चिकचिक करतो. आपलं शरीर हा तसाच कूलर आहे.

घाम वाळेनासा झाला की शरीर दुसरा मार्ग धरतं. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात, आतली उष्णता रक्ताबरोबर बाहेर आणायचा प्रयत्न करतात. रक्त मात्र तेवढंच आहे. ते पायाच्या स्नायूंनाही हवं असतं आणि आता त्वचेलाही. त्यात घामाबरोबर रक्तातलं पाणी कमी होत जातं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही घटतं, आणि ती तूट भरून काढायला ठोके वाढतात. पेस तोच, रस्ता तोच, पण पाऊण तासानंतर हार्ट रेट 10 ते 15 ने वर सरकलेला दिसतो. मनगटावरचं घड्याळ हार्ट रेट आणि पेसची सांगड घालून फिटनेसचा अंदाज बांधतं. काही घड्याळं हवामानाची दुरुस्ती करतात, सगळी करत नाहीत. मग ऑक्टोबरात 'फिटनेस घसरला' असा निरोप येतो आणि माणूस खट्टू होतो. त्या सकाळची तुमची क्षमता खरोखर कमी असते, हे खरं. पण ती हवेने कमी केलेली असते. महिनोन्महिने कमावलेले स्नायू आणि हृदय एका आठवड्यात कुठे जात नाहीत.

जगातल्या अव्वल धावपटूंनाही यातून सूट नाही. 2019 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा कतारमधल्या दोहात झाली. उन्हाच्या भीतीने महिलांची मॅरेथॉन मध्यरात्रीच्या ठोक्याला सुरू केली. ऊन टळलं, बाष्प नाही टळलं. तापमान 32 च्या आसपास आणि आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर, म्हणजे दवबिंदू 26-27. निघालेल्या 68 जणींपैकी 28 जणींनी शर्यत अर्धवट सोडली. विजेतीची वेळ होती 2 तास 32 मिनिटं 43 सेकंद. त्याच धावपटूने त्याच वर्षी जानेवारीत दुबईत 2 तास 17 मिनिटं 8 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली होती. पदकाच्या शर्यतीतले डावपेच जमेस धरले तरी पंधरा मिनिटं फार झाली. त्यानंतर टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उष्म्यामुळे सुमारे 800 किलोमीटर उत्तरेला साप्पोरोला नेली गेली.

वाईट दिवसाला इतरही कारणं असतात. अपुरी झोप, आदल्या रात्रीचं अर्धपोटी जेवण, ताप येऊन गेल्यानंतरचा अशक्तपणा. बायकांच्या बाबतीत पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात शरीराचं तापमान मुळातच 0.3 ते 0.5 अंशाने जास्त असतं, म्हणजे उकाड्याच्या दिवशी सुरुवातच थोडी वरून होते. प्रशिक्षकांनी हे लक्षात ठेवायला हवं, फार थोडे ठेवतात.

इथे एका जाहिरातबाजीवर बोललंच पाहिजे. घाम काढणारे प्लॅस्टिकचे सूट आणि पोटाचे पट्टे सर्रास विकले जातात. 'जास्त घाम, जास्त चरबी वितळली', 'घामावाटे टॉक्सिन बाहेर'. वर सांगितलेली यंत्रणा एकदा समजली की यातला धादांत खोटेपणा उघड होतो. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. रक्तातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. वजनकाट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं, दोन ग्लास प्यायलं की परत येतं. आणि प्लॅस्टिकच्या आत हवा बाष्पाने भरून जाते, दाबातला फरक संपतो, घाम वाळायचा थांबतो. म्हणजे माणूस पैसे मोजून स्वतःचा कूलर बंद करून घेतो. अशा सूटमध्ये पळणं धोक्याचं आहे, कृपा करून करू नका.

आता चांगली बातमी. उकाड्यात रोज तासभर बेताने पळत राहिलं की शरीर 10 ते 14 दिवसांत स्वतःला बदलून घेतं. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे त्वचा आणि स्नायूंची ओढाताण कमी होते. घाम लवकर सुटतो आणि अंगभर पसरतो, त्यातलं मीठ कमी होतं, त्याच पेसला हार्ट रेट खाली येतो. ऑक्टोबरातल्या ज्या सकाळी नकोशा वाटतात त्यांच्यातच हे घडत असतं. एसी जिममधल्या ट्रेडमिलवर ते घडत नाही. आणि उकाडा सोडला की तीन-चार आठवड्यांत हा बदल बराचसा विरून जातो.

पाण्याबद्दल एक इशारा. तहान लागेल तसं प्या, पण घामापेक्षा जास्त पाणी ढोसू नका. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम (मिठातला मुख्य घटक) सामान्य पातळीखाली होतं, आणि शर्यतीदरम्यान वजन वाढलेल्यांत हे प्रमाण ठळकपणे जास्त होतं. पळताना वजन वाढणं म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात गेलेलं असणं.

आणि उष्माघाताबद्दल, कारण त्याच्याविषयीचा गैरसमज जिवावर बेततो. 'घाम थांबला, अंग कोरडं पडलं तरच उष्माघात' असं आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे. पळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का. माणूस असंबद्ध बोलतोय, उगाच चिडतोय, झोकांड्या जातायत, तर त्याला सावलीत घ्या, रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत थांबू नका, लगेच गार करायला लागा. बर्फाच्या पाण्याचा टब मिळाला तर गळ्यापर्यंत त्यात बसवा आणि डोकं वर धरून ठेवा. नाही मिळाला तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल अंगभर टाका आणि सारखे बदलत राहा. आधी गार करणं, मग हलवणं, हा क्रम ठेवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फॉलमथ या गावी दर ऑगस्टला सात मैलांची शर्यत होते. तिथे 18 वर्षांत उष्माघाताच्या 274 रुग्णांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं, आणि 274 च्या 274 वाचले.