पार्श्वभूमी : समुपदेशकाला सांगितलेले कुठपर्यंत गुपित राहते?

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात पहिल्यांदा गेलेल्या विद्यार्थ्यापुढे बोलणे सुरू होण्याआधी एक कागद ठेवला जातो. तुम्ही इथे सांगाल ते आमच्यापाशीच राहील. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले किंवा न्यायालयाचा आदेश आला, तर पुढे सांगावे लागेल, असा त्याचा आशय असतो. बहुतेक जण न वाचता सही ठोकतात. या केंद्रांकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा निम्मा इतिहास त्या ‘मात्र’मध्ये आहे.

आधी गुपितांचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात १८६१ साली विद्यार्थी आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा भर व्यायाम आणि स्वच्छतेवर होता. मनाच्या आरोग्यासाठी वेगळी सोय आली ती १९१० मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठात. अभ्यासात बरी असलेली मुले मधेच शिक्षण सोडून जात होती आणि कारण बुद्धीचे नव्हते, हे तिथल्या मंडळींच्या लक्षात आले होते. १९३२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात चाचणी केंद्र निघाले. तिथे कल, बुद्धी, आवडनिवड मोजायची आणि निकाल पुढ्यात ठेवून विद्यार्थ्याला वाट दाखवायची, अशी पद्धत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. माजी सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणाऱ्या १९४४ च्या कायद्यामुळे सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आले. त्यांच्यासाठी सरकारी पैशातून मार्गदर्शन केंद्रे निघाली आणि तीच पुढे अनेक ठिकाणी कायमची झाली. याच सुमारास एक वाद पेटला होता. समुपदेशकाने उपाय सांगू नये, माणसाला त्याचे त्याला सापडू द्यावे, असे ओहायोतल्या एका प्राध्यापकाने १९४२ च्या पुस्तकात मांडले. चाचणीवाल्यांना ते पटणे शक्यच नव्हते. पुढे बहुतेक केंद्रे या प्राध्यापकाच्या बाजूने झुकली. मराठीने मात्र या कामासाठी जो शब्द घडवला, त्यात ‘उपदेश’ अजून ठाण मांडून बसला आहे. त्यामुळे सल्ला घ्यायला जावे आणि समोरच्याने उलट प्रश्न विचारत बसावे, असा अनुभव येऊन पुष्कळ जण वैतागतात. वैतागणे आणि प्रश्न विचारणे, दोन्ही आपापल्या जागी रास्त आहे.

खरी गाठ १९६९ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातल्या बर्कले विद्यापीठात पडली. मानसोपचारातल्या गोपनीयतेबद्दलचा सर्वांत गाजलेला निवाडा खासगी दवाखान्यातून नव्हे, तर विद्यापीठाच्या विद्यार्थी आरोग्यसेवेतून निघाला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. भारतातून तिथे शिकायला गेलेला एक विद्यार्थी मानसशास्त्रज्ञाकडे येत होता. एका तरुणीला आपण मारणार, असे त्याने सत्रात सांगितले. ती उन्हाळ्यापुरती परदेशी गेली होती. मानसशास्त्रज्ञाने हे हसण्यावारी नेले नाही. त्याने विद्यापीठाच्या पोलिसांना आधी तोंडी कळवले, मग पत्र लिहून विद्यार्थ्याला रुग्णालयात ठेवावे अशी विनंती केली. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, तो शहाण्यासारखा बोलतो असे त्यांना वाटले, आणि तिच्यापासून दूर राहण्याचे वचन घेऊन त्यांनी त्याला सोडले. त्यानंतर मानसशास्त्रज्ञाच्या वरिष्ठाने ते पत्र परत मागवले आणि त्याच्या प्रती व सत्रांच्या नोंदी नष्ट करायला सांगितल्या. विद्यार्थ्याने उपचाराला येणे सोडले. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी, ती परतल्यावर, त्याने तिचा खून केला. तिला किंवा तिच्या घरच्यांना कुणीही सावध केले नव्हते.

आईवडील न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने दावा उडवला. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की धोक्यात असलेल्या व्यक्तीला सावध करणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य होते. व्यावसायिकांनी यावर इतका गदारोळ केला, की न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकले. असे क्वचितच घडते. १९७६ चा दुसरा निकाल हाच आज प्रमाण मानला जातो. त्यात ‘सावध करण्या’ऐवजी ‘रक्षणासाठी वाजवी काळजी घेण्या’चे कर्तव्य आले. परिस्थितीनुसार तिला सांगणे, पोलिसांना कळवणे किंवा आणखी काही, असा तो अर्थ. लोकांवरचे संकट जिथे सुरू होते तिथे गोपनीयतेचे संरक्षण संपते, हे त्या निकालातले वाक्य तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत आहे. पोलिसांवर मात्र जबाबदारी आली नाही.

निकाल एकमताचा नव्हता. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींचा मुद्दा आजही खोडून काढता आलेला नाही. गुपित फुटेल या भीतीने माणूस बोललाच नाही, तर त्याच्यावर उपचार होणार नाहीत आणि धोका उलट वाढेल. शिवाय कोण खरेच हिंसा करील याचा अंदाज तज्ज्ञांनाही नीट बांधता येत नाही. मला स्वतःला दुसरा निकाल पहिल्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो, पण त्यातले ‘वाजवी’ ठरवायचे ओझे शेवटी बिचाऱ्या समुपदेशकावरच पडले. कॅलिफोर्नियाने १९८५ मध्ये कायदा करून गंभीर धमकी आणि ओळखता येईल असे लक्ष्य एवढ्यापुरते हे कर्तव्य आखून दिले. टेक्सासच्या न्यायालयाने १९९९ मध्ये ते मानायलाच नकार दिला. म्हणजे एकाच देशात, एकाच वाक्यावर, एका केंद्रात फोन फिरवणे बंधनकारक आणि दुसऱ्यात नाही.

पहिला निकाल आला त्याच १९७४ मध्ये शैक्षणिक नोंदींबद्दलचा संघराज्याचा कायदाही आला. महाविद्यालयात पाऊल टाकले, की नोंदींवरचे हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातात, आणि केवळ उपचारासाठी ठेवलेल्या नोंदी शैक्षणिक नोंदींत धरल्या जात नाहीत. ‘घरी कळेल का?’ या प्रश्नाला तिथली केंद्रे ‘तुझ्या संमतीशिवाय नाही’ असे उत्तर देतात ते याच्या बळावर. आणीबाणीचा अपवाद कायद्यातच आहे. २००७ मध्ये व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले. त्याच्याबद्दलची काळजी अनेकांना वाटत होती, पण कायदा बोलू देत नाही अशा समजुतीने विभाग एकमेकांशी बोलले नव्हते, असे चौकशीत निघाले. कायदा तेवढा कडक नव्हताच. त्याच्या समुपदेशनाच्या हरवलेल्या नोंदी २००९ मध्ये केंद्राच्या माजी संचालकाच्या घरी सापडल्या. त्या प्रसंगानंतर धोक्याचा अंदाज घेणाऱ्या समित्या निघाल्या. त्यात समुपदेशन केंद्राचाही माणूस बसतो, आणि तो तिथे कुठल्या भूमिकेत बसतो हा प्रश्न मिटलेला नाही.

दरम्यान गर्दी वाढली. १००० ते १५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक हे केंद्रांना मान्यता देणाऱ्या संस्थेने सुचवलेले प्रमाण गाठणे अनेकांना जमत नाही. म्हणून १९८० नंतर अल्पकालीन उपचारपद्धती रुजली, सत्रांवर मर्यादा आल्या, आणि दीर्घ उपचार लागतील त्याला बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवणे नेहमीचे झाले. आता अनेक ठिकाणी पहिली भेट फक्त गरज जोखण्याची असते. मग कुणाला गटसत्र, कुणाला ऑनलाइन कार्यक्रम, कुणाला एकट्याची चार-सहा सत्रे. औषधे देणारा मानसोपचारतज्ज्ञ केंद्रात असेलच असे नाही. परीक्षेतल्या सवलतीसाठी लागणारे निदानाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयीन अहवालही बहुतेक केंद्रे देत नाहीत. पहिल्या भेटीत हे विचारून घेतलेले बरे, कारण चौथ्या सत्रात कळले की चिडचिड होते.

‘जगावेसे वाटत नाही’ एवढे बोलल्याबरोबर समुपदेशक दार बंद करून पोलिसांना बोलावतो, अशी एक भीती असते. प्रत्यक्षात तो आधी विचारतो. विचार कधीपासून येतात, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, आज रात्री कोण सोबत आहे. विचार येतात पण बेत नाही, असे असेल तर बहुतेक वेळा दोघे मिळून सुरक्षिततेची योजना लिहून काढतात: कुणाला फोन करायचा, घरातून काय दूर ठेवायचे, पुढची भेट केव्हा. ती गोष्ट खोलीबाहेर जात नाही. बेत ठरलेला असेल, तर जाते.