चौथी स्टेज, पण लिव्हरपुरती

मूळव्याध समजून वर्षभर अंगावर काढलेलं रक्त, मग कुणाच्या तरी आग्रहाने केलेली दुर्बीण, मग सीटी स्कॅन आणि लिव्हरवर डाग. ‘चौथी स्टेज’ हे शब्द ऐकले की ‘आता घरीच ठेवू’ हा निर्णय मुंबईची गाडी पकडण्याआधी चिपळूण-कुडाळातच होऊन जातो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा निर्णय घाईचा ठरू शकतो.

हा कॅन्सर लिव्हरकडेच का वळतो? डोंगरातले पऱ्ये जसे वाशिष्ठीला मिळतात, तसं आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेत गोळा होऊन आधी लिव्हरमध्ये येतं. त्यामुळे कित्येक रुग्णांत मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी तिथेच अडकतात आणि बाकी शरीर स्वच्छ असतं. सगळी आशा या ‘तिथेच’वर उभी आहे.

पण लिव्हर कापायला सर्जन घाबरत, कारण रक्तस्राव आवरत नसे. १९०८ मध्ये ग्लासगोच्या प्रिंगल यांनी लिव्हरकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या काही काळ दाबून धरण्याची युक्ती मांडली. १९५० च्या दशकात फ्रान्सच्या कुइनो यांनी लिव्हरचे आठ स्वतंत्र भाग दाखवले, प्रत्येकाला आपली रक्तवाहिनी आणि आपली पित्तनलिका. कुठे कापायचं याचा नकाशाच मिळाला. उरलेलं निरोगी लिव्हर काही महिन्यांत पुन्हा वाढतं, हेही सोबतीला होतं. तरी नियम कडक राहिला: गाठी तीन-चारपेक्षा कमी हव्यात, कडेला एक सेंटिमीटर निरोगी भाग निघायला हवा. बहुतेक रुग्ण त्यात बसतच नसत.

औषधाच्या बाजूला १९५७ पासून दीर्घकाळ ५-एफयू हे केमोचं औषध हाच मुख्य आधार होता. जपानमध्ये शोधलेलं ऑक्सॅलिप्लॅटिन हे दुसरं केमोचं औषध फ्रान्समध्ये वापरात आलं आणि चित्र पालटलं. पॅरिसजवळच्या बिस्मुथ यांच्या गटाने १९९६ मध्ये मांडलेले आकडे मला आजही थक्क करतात. ऑपरेशन अशक्य ठरवलेल्या ३३० रुग्णांपैकी ५३ जणांच्या गाठी केमोने इतक्या आटल्या की त्या काढता आल्या, आणि त्या ५३ पैकी सुमारे ४० टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. हळूहळू प्रश्नच बदलला. किती गाठी आहेत यापेक्षा, काढल्यावर पुरेसं लिव्हर उरेल का, हे महत्त्वाचं झालं. कमी उरणार असेल तर एका बाजूची पोर्टल शीर बंद करून दुसरी बाजू आधी वाढवतात, किंवा ऑपरेशन दोन टप्प्यांत करतात. लहान गाठी सुईने जाळता येतात. निवडक रुग्णांत लिव्हर बदलण्याचा पर्यायही आला आहे: २०२४ मध्ये आलेल्या युरोपातल्या चाचणीत केमोसोबत प्रत्यारोपण ठरवलेल्या गटातले ५७ टक्के पाच वर्षं जगले, नुसत्या केमोवर १३ टक्के. अर्थात हे सगळं प्रत्येकाला लागू पडत नाही. अनेकांसाठी केमो हाच मुख्य उपचार राहतो, तोही आयुष्य वाढवतो.

कोकणासाठी यातली निम्मी गोष्ट प्रवासाची आहे. १९४१ पासून परळचं टाटा हॉस्पिटल आहे, पण १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू होईपर्यंत आजारी माणसाला एसटीत घालून घाटवळणांतून नेणं हीच शिक्षा होती. त्यात ५-एफयू शिरेतून हळूहळू सोडणारा पंप ४६ तास चालतो, तोही दर पंधरवड्याला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली खोली म्हणूनच आमच्याकडच्या कित्येक घरांना पाठ आहे. त्याच जातीचं औषध गोळीतून मिळू लागलं, तेव्हा निदान काही जणांना ते दिवस घरी काढता आले.

एक गोष्ट मात्र अजून राहून जाते. केमोने डाग स्कॅनवर दिसेनासे झाले तरी बऱ्याचदा तिथे कॅन्सरच्या जिवंत पेशी असतात, आणि केमो फार लांबली तर निरोगी लिव्हरही दुखावतं. म्हणून केमोचं पहिलं इंजेक्शन देण्याआधीच लिव्हरच्या सर्जनने स्कॅन बघायला हवा. आमच्या वाडीतल्या एका काकांची केमोआधीच्या स्कॅनची सीडी गणपतीच्या कपाटात राहिली होती. सर्जनने मागितली तेव्हा पुतण्याने रात्रीच्या मुंबई बसच्या ड्रायव्हरकडे ती पाठवली. सकाळी परळला पोचली, आणि नेमकं कुठे शोधायचं ते त्या जुन्या सीडीवरच दिसलं.