कमचीची पाठ आणि पोट

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला की काही ना काही फर्माईश ठरलेली. गेल्या वर्षी त्याला तिरकमठा हवा होता. वय वर्षं आठ. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात बांबूला तोटा नाही. नाल्याकाठी बेट आहे, पतंगापासून मांडवापर्यंत सगळं त्यातूनच निघतं. मी ऐटीत एक बांबू तोडला, विळ्याने चिरला, पोराच्या उंचीएवढी कमची काढली आणि सुतळी ताणून बांधली. त्याने हाताने ओढली, मग पाय लावून ओढली.

"मामा, हे तं वाकतच नाई नं!"

म्हणून कमची तासायला बसलो. १२ मिलिमीटर जाड होती, ती ९ वर आणली. आता ती इतकी ढिली झाली की बाण अंगणही ओलांडेना. काढले तीन मिलिमीटर, म्हणजे फक्त पाव जाडी. ताकद मात्र निम्म्याहून जास्त गेली.

यात हात चुकला होता, तसंच गणितही विसरलो होतो. पट्टी रुंदीला दुप्पट केली तर ती दुप्पट ताठ होते. जाडी दुप्पट केली तर आठपट. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी पाऊण राहिली की पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे जेमतेम ४२ टक्के ताठपणा उरतो. बांबू आतून-बाहेरून एकसारखा नसल्यामुळे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण दिशा हीच. म्हणून कमठा करणाऱ्याने जाडीला अगदी भीतभीत हात लावावा. एक-दोन फेरे तासायचं, वाकवून बघायचं, परत तासायचं. घाई असेल तर कडा तासाव्यात. रुंदी चुका माफ करते.

दुसऱ्या कमठ्याच्या वेळी मी वेगळा शहाणपणा केला. कमची छान दिसावी म्हणून बाहेरची हिरवी, चकचकीत साल विळ्याने खरवडून काढली. पॉलिश पेपरही मारला. सुतळी बांधली, भाच्याने अर्धी ओढली आणि कडाड! बरोबर पाठीवर, म्हणजे साल खरवडलेल्या बाजूला, चिरली. नशिबाने तुकडा उडाला नाही.

तालुक्याच्या बाजारात टोपल्या विकायला बसणाऱ्या बुरुडकाकांना तो तुकडा दाखवला. त्यांनी एकदा उलटसुलट केला आणि म्हणाले, "चकाकी कायले काढली बाप्पा? जीव तं तिच्यातच रायते."

घरी येऊन बांबूचा आडवा काप पाण्याने पुसला आणि भिंगाखाली धरला. काका अक्षरशः खरं बोलले होते. फिकट गरात काळपट ठिपके दिसतात. तो प्रत्येक ठिपका म्हणजे उभ्या धाग्यांचा एक जुडगा. आतल्या पोकळीकडे हे ठिपके मोठे आणि विरळ. सालीकडे जावं तसे ते बारीक होत जातात आणि इतके दाटतात की मधे गर दिसेनासा होतो. बांबू हे गवत आहे. वाऱ्यात झुलणाऱ्या गवताला सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेला बसतो, आणि बळकट धागेही तिथेच गच्च भरलेले असतात.

कमठा वाकतो तेव्हा काय होतं? लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. आपल्याकडची बाजू, पोट, दाबली जाते. मधे एक थर असा असतो की त्याला ना ताण ना दाब. मोडण्याची सुरुवात बहुधा पाठीवर होते, कारण एक धागा तुटला की शेजारच्यावर भार येतो आणि चीर धावत सुटते. म्हणून साल पाठीला ठेवायची आणि तिला शक्यतो शिवायचं नाही. तासायचं ते पोटाकडून. गाठींवर टोक बोचत असेल तर तेवढंच हलकं घासायचं. बांबू कोवळाही नको. त्याची जाडी कोंब वर येतानाच ठरते, पण लाकूडपण भरायला तीनेक वर्षं लागतात. वर्षाच्या आतली काठी दिसायला तशीच असते आणि दगा देते.

तिसरा कमठा मात्र जमला, आणि त्याची कल्पना मला टेम्पोखाली वाकून बघताना आली. मागच्या चाकावर कमानपाटे असतात ना, एकावर एक, खालचे आखूड होत जाणारे? त्यांना कमान उगाच म्हणत नाहीत. दोन सारख्या पातळ कमच्या नुसत्या एकमेकींवर ठेवल्या तर ताठपणा दुप्पट होतो, कारण वाकताना त्या एकमेकींवरून सरकतात. त्याच सरसाने पक्क्या चिकटवल्या तर दोघींची एक जाड पट्टी होते आणि ताठपणा आठपट! शिवाय पातळ पट्टी तेवढ्याच गोलाईत वाकली तरी तिची पाठ कमी ताणली जाते. जाडी निम्मी तर ताणही निम्मा. म्हणून मुलांसाठी सरस नको, सरकणंच बरं. मी साडेचार-साडेचार मिलिमीटरच्या दोन कमच्या घेतल्या, एक १२० सेंटिमीटरची आणि दुसरी तिच्या निम्मी. आखूड कमची मधोमध, पोटाच्या बाजूने ठेवली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गुंडाळली. मूठ ताठ राहिली, टोकं मोकळी झाली. कमी पडलं तर आणखी एक आखूड कमची खोचायची. तासत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

ताकद मोजायला काटा लागत नाही. कमठा मुठीपाशी खुंटीला अडकवला, दोरीला पिशवी टांगली आणि पिशवीत पाण्याच्या लिटरच्या बाटल्या टाकत गेलो. लिटर म्हणजे किलो. तीन बाटल्यांना दोरी सुमारे ४० सेंटिमीटर खाली आली. आठ वर्षांच्या मुलाला एवढं पुष्कळ झालं.

पुष्कळ म्हणजे किती, तेही सांगतो. ओढ शून्यापासून तीन किलोपर्यंत वाढत जाते, म्हणजे सरासरी दीड किलो. ४० सेंटिमीटर अंतरात साठते सहा ज्यूल ऊर्जा. एक किलोचा दाण्यांचा पुडा जमिनीवरून ६० सेंटिमीटर उचलण्याएवढी. यातली निम्मी बाणाला मिळाली असं धरू, बाकीची कमची आणि दोरी हलवण्यात जाते. वीस ग्रॅमचा बाण सेकंदाला १७ मीटर वेगाने सुटेल, म्हणजे तासाला ६० किलोमीटर. खेळण्याचा असला तरी हा बाण डोळ्याजवळ जाता कामा नये. बाणाच्या टोकाला खोडरबर आणि वर चिंधी, उडवणाऱ्याच्या पुढे कुणीही नाही, आणि बाण आणायला सगळ्यांनी एकत्रच जायचं. या तीन गोष्टींवर मी मामा नसतो, मास्तर असतो.

बाण न लावता दोरी सोडणं हा पोरांचा आवडता उद्योग. तोही बंद. बाण नसेल तर त्याच्या वाट्याची ऊर्जा पुन्हा कमचीतच आदळते आणि ती चिरते.

बाणासाठी आधी तुराटी घेतली होती. सरळ, हलकी, फुकट. पण सुकल्यावर केव्हा उभी चिरेल नेम नाही. मग बांबूचीच पेन्सिलीएवढी जाड काडी गोल केली. मागे कोंबडीची तीन पिसं. पिसामुळे बाण उडतो असं पोरांना वाटतं. खरं तर पिसं त्याला मागे खेचतात. शेपूट तिरकी झाली की वारा पिसांना धरतो आणि ती पुन्हा रांगेत आणतो. त्यासाठी पुढचं टोक जड हवं, आणि ते काम खोडरबर करतं.

भाच्याला कौतुक नागपूरच्या तिरंदाज ओजस देवतळेचं. २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने १५० पैकी १५० गुण मिळवले, ५० मीटरवरून, जिथे दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं असतं. त्याचं धनुष्य कप्प्यांचं, म्हणजे टोकांना चाकं असलेलं. आमचा कमठा जितका ओढू तितका जड होतो. कप्प्यांच्या धनुष्यात शेवटी शेवटी ओढ एकदम हलकी होते, म्हणून नेम धरून थांबता येतं. आमच्याकडे थांबलं की हात थरथरतो.

तरी भाच्याचे बाण सारखे एका बाजूलाच जात होते. मग दोन्ही पंजे जुळवून मधे लहान फट करायला लावली आणि तिच्यातून गावाची पाण्याची टाकी बघायला सांगितली. एकेक डोळा मिटला. उजवा मिटला तर टाकी जागेवर, डावा मिटला तर गायब. म्हणजे हात उजवा पण डोळा डावा! कमठा उजव्या हातात दिला, दोरी डाव्याने ओढायला लावली. दोन दिवस कुरकुर झाली. तिसऱ्या दिवशी सहा मीटरवरच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पोत्यात पाचातले चार बाण बसले. जुनं पोतं ठिकठिकाणी उसवलं, कुटार बाहेर यायला लागलं आणि शेजारची शेळी दोर तोडून तिथे येऊन उभी राहिली. मग खेळ थांबवावा लागला.