क्रोशाचा फ्रॉक

क्रोशाचा फ्रॉक : टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईने लोकर किंवा सुती दोरा विणून हाताने केलेला पोशाख. मराठवाड्यात मोठ्यांच्या अंगावर तो क्वचितच दिसतो. इथे हा प्रामुख्याने लेकरांचा कपडा आहे. टोपडं, मोजे, कुंची, दुपटं अशा बाळंतविड्यातल्या वस्तूंबरोबर तो विणला जातो. बारसं, पहिली संक्रांत, पहिला वाढदिवस ही त्याची ठरलेली निमित्तं. विणणारी बहुधा आजी, मावशी, आत्या नाहीतर शेजारच्या काकू असते. पैसे देऊन करून घेणारे आहेत, पण हा कपडा विकला जातो त्यापेक्षा दिलाच जास्त जातो.

एकोणिसाव्या शतकात युरोपात क्रोशाकाम घरोघर पसरलं. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात अनेक कुटुंबांना त्याच्या लेसने हात दिला. भारतात हे काम मिशनरी बायकांबरोबर आलं आणि त्याचं सर्वांत मोठं केंद्र झालं आंध्रातलं नरसापूर. पैठण आणि नांदेडवरून वाहत जाणारी गोदावरी आपल्या वसिष्ठ नावाच्या फाट्याने याच गावाजवळ समुद्राला मिळते. नगरसोल-नरसापूर रेल्वेगाडी छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी करत तिकडेच जाते. तिथल्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मराठवाड्याची स्वतःची कीर्ती मात्र मागावरच्या कापडाची, पैठणीची आणि हिमरूची. क्रोशाला इथे ना पेठ मिळाली ना राजाश्रय. ते ओसरीवर, शिवणक्लासात आणि शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला टिकलं.

या विणीचं एक वैशिष्ट्य म्हणजे ती यंत्रावर होत नाही. बाजारात ‘क्रोशा’ म्हणून मिळणारं यंत्राचं कापड नीट पाहिलं तर वेगळ्याच विणीचं, तशी दिसणारी जाळी असते. खरा क्रोशाचा फ्रॉक कुठेही विकत घेतला तरी तो कुणीतरी हातानेच विणलेला असतो. त्याची किंमत सांगितली की गिऱ्हाईक दचकतं, कारण डोक्यात लोकरीचा हिशोब असतो, दुपारचा नसतो. वर्षाच्या मुलीच्या फ्रॉकला साधारण दोनशे ग्रॅम लोकर लागते. रोज दोन तास बसलं तरी हात सरावलेला असताना आठ-दहा दिवस जातात.

सारी वीण तीन-चार टाक्यांत उभी राहते. दोऱ्याच्या वेढ्यातून दोरा ओढत गेलं की साखळी होते. साखळीच्या घरात सुई घालून दोरा ओढला आणि सुईवरचे दोन्ही वेढे एकदम सोडवले की मुका खांब. सुईवर आधी दोरा एकदा गुंडाळून घेतला तर घरातून ओढल्यावर सुईवर तीन वेढे येतात. ते दोन-दोन करून सोडवले की खांब. दोनदा गुंडाळलं की लांब खांब. शिंपले, अननस, जाळी हे सगळे नमुने याच टाक्यांची मांडामांड आहेत. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर उघडे असतात, क्रोशात मात्र एका वेळी एकच. म्हणून मध्येच लेकरू उठलं, कुकरची शिट्टी झाली, तर सुई काढून तो एक वेढा मोठा ओढून ठेवला की काम भागतं. घरकाम करता करता विणणाऱ्यांमध्ये क्रोशा लोकप्रिय झाला त्याचं निम्मं श्रेय या सोयीला द्यावं लागेल.

खरी मेख मापात आहे. शिवणकामात कापड कापताना चूक झाली तर ती लगेच दिसते. इथे गळ्याशी चुकलेला हिशोब थेट काखेशी आल्यावर कळतो. त्यामुळे आधी हातभर नव्हे, वितीएवढा नमुना विणून घेतात आणि १० सेंमीत किती खांब बसले ते मोजतात. समजा १८ बसले. वर्षाच्या मुलीची छाती ४८ सेंमी, त्यात ७ सेंमी ढिलाई धरली तर घेर ५५ सेंमी, म्हणजे सुमारे ९९ खांब. विणायला सुरुवात गळ्यापासून होते. ७२ खांबांची पहिली ओळ अशी वाटतात : पाठीचा अर्धा भाग १२, बाही १२, पुढचा भाग २४, दुसरी बाही १२, पाठीचा उरलेला अर्धा भाग १२. या भागांमध्ये चार कोपरे पडतात. प्रत्येक ओळीत प्रत्येक कोपऱ्यावर एक खांब, एक साखळी, एक खांब असं विणलं की ओळीमागे ८ खांब वाढतात आणि चौकोनी योक, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंतचा भाग, आपोआप पसरत जातो. अशा ११ ओळी वाढवल्या की पुढचा भाग ४६ आणि पाठ ४६. आता बाह्यांचे खांब तसेच सोडून काखेत दोन्हीकडे चार-चार साखळ्या घालून पुढचा-मागचा भाग जोडायचा : एकूण १००. हवे होते ९९, त्याला हे पुरेसं जवळ आहे. काखेखालच्या घेराला शिंपल्याचा नमुना घ्यायचा तर त्याला सहाच्या पटीत खांब लागतात. मग काखेखाली गुपचूप दोन खांब घुसवून १०२ करायचे आणि १७ शिंपले पाडायचे. शाळा चौथीत सुटलेल्या कितीतरी बायका हा सगळा हिशोब कागदाशिवाय करतात, आणि विचारलं तर ‘अंदाजानं’ म्हणतात. तो अंदाज नसतो.

खालचा घेर फुलवायला शिंपल्यातले खांब वाढवत नेतात, आधी पाच, मग सात. नवशिक्यांची नेहमीची फजिती गळ्याच्या साखळीत होते. ती घट्ट पडली की फ्रॉक सुरेख होतो आणि डोक्यातून जात नाही. पहिल्या साखळीपुरती एक नंबर मोठी सुई घेणं आणि पाठीला फट ठेवून बटण लावणं हा त्यावरचा उपाय. बटण पक्कं शिवलेलं हवं, कारण लेकरं ते तोंडात घालतात.

लोकर घ्यावी की दोरा, हे इथलं हवामान ठरवतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा लोकर बरी. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडली की तोच फ्रॉक घामोळ्याचं घर होतो. उन्हाळी फ्रॉकसाठी २० नंबरचा सुती दोरा आणि साधारण १.२५ मिमीची पोलादी सुई घेतात. काम दुपटीहून जास्त, डोळ्यांना ताण, पण जाळीतून वारा खेळतो. आतून मलमलीचं अस्तर लागतंच. त्याशिवाय बोटं भोकांत अडकतात. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. ती मऊ, स्वस्त आणि पक्क्या रंगाची, पण ज्योतीजवळ वितळून कातडीला चिकटते. औक्षणाचं निरांजन लेकराच्या तोंडाजवळ नेण्याची आपली रीत पाहता समारंभाचा फ्रॉक सुती असावा, असा आग्रह धरायला हरकत नाही.

संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान होणाऱ्या बोरन्हाणासाठी काळा फ्रॉक विणतात. काळ्यावर काळे टाके रात्रीच्या दिव्यात दिसत नाहीत, म्हणून हे काम उजेडीच करायचं. कडेला पांढऱ्या दोऱ्याची एक ओळ दिली की हलव्याच्या दागिन्यांशी जुळून येतं. मात्र हलव्याचे काटे जाळीत अडकतात, तेव्हा हार शेवटी घालावा आणि आधी काढावा. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला लेकरांना घेऊन शेतात जातात. त्या दिवशी लोकरीचा फ्रॉक घरी ठेवलेला बरा. त्यात शिरलेली कुसळं धुऊनही निघत नाहीत, एकेक वेचावी लागतात.

धुताना पिळायचा नाही आणि दोरीवर टांगायचा नाही. ओला फ्रॉक स्वतःच्याच वजनाने बोटभर लांबतो. रिठ्याच्या पाण्यात दाबून धुवावा, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावं आणि सावलीत आडवा पसरावा. लेकरू वाढलं की खालच्या कडेची गाठ सोडून आणखी दोन-तीन ओळी घालता येतात. अगदीच आखूड झाला तर शेवटच्या टाक्याचं टोक शोधून ओढलं की सारा फ्रॉक उसवत येतो. लोकरीची लडी करून ती वाफेवर धरली की वळ्या बऱ्याच जातात, आणि पुढच्या बाळाच्या टोपड्याला ती सहज पुरते.