सराउंड ध्वनी, घरगुती संगणकावरील : जोडणी व दोषशोधन

श्रोत्याच्या पुढून, बाजूंनी व मागून स्वतंत्र ध्वनिमार्गांनी आवाज पोचवणारी योजना. घरगुती संगणकावर ती बहुधा ५.१ स्वरूपात असते : पुढे डावा, मध्य व उजवा असे तीन स्पीकर, मागे दोन आणि खर्जासाठी सबवूफर. खर्जमार्ग सुमारे १२० हर्ट्‌झपर्यंतच काम करतो, म्हणून तो पूर्ण मार्ग न मोजता ‘.१’ असा मोजतात.

पूर्वपीठिका : या योजनेचा उगम कोठे धरावा, याबद्दल मतभेद आहेत. काही लेखक ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांच्या १९३१ च्या ब्रिटिश पेटंटपासून आरंभ करतात. परंतु त्यातील मुख्य विचार दोन मार्गांच्या स्टिरिओ ध्वनीचा आहे. प्रेक्षकाला वेढणारा आवाज हा निकष लावला, तर डिझ्नीच्या ‘फँटेझिया’ चित्रपटासाठी १९४० मध्ये न्यूयॉर्क येथे वापरलेल्या ‘फँटसाउंड’ यंत्रणेचा दावा अधिक भक्कम ठरतो. तीत तीन ध्वनिपट्टे आणि आवाजाची पातळी सांभाळणारा चौथा नियंत्रणपट्टा होता. १९७० च्या दशकातील चारमार्गी ‘क्वाड्राफोनिक’ ध्वनिमुद्रिका एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धतींत निघाल्या आणि फार टिकल्या नाहीत.

५.१ या मांडणीचे श्रेय सामान्यतः अमेरिकी ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होल्मन यांना देतात. अमेरिकेतील चित्रपट-अभियंत्यांच्या संस्थेच्या १९८७ मधील चर्चेत त्यांनी ही संज्ञा सुचवली, असे मानले जाते. तथापि १९७० च्या दशकाच्या अखेरीस चित्रपटांच्या ७० मिमी. प्रतींवर पुढचे तीन, मागचे दोन व वेगळा खर्ज अशी विभागणी प्रत्यक्षात आलेली होती. संज्ञा होल्मन यांची आणि मांडणी त्याआधीची, हे मत अधिक ग्राह्य दिसते. डॉल्बी डिजिटल ही सांकेतन पद्धती १९९२ मध्ये चित्रपटगृहांत आली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीनुसार पुढचे स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर, तर मागचे १०० ते १२० अंशांवर असावेत. घरी मागचे दोन स्पीकर बहुधा कपाटावर जातात आणि अंश मोजायला कोणी बसत नाही.

संगणकावरील जोडणी : इंटेलच्या १९९७ च्या एसी’९७ मानकाने मदरबोर्डवरच सहा मार्गांची सोय शक्य केली, २००४ मध्ये त्याची जागा एचडी ऑडिओने घेतली. जॅकच्या रंगांपैकी हिरवा (पुढचे स्पीकर), गुलाबी (मायक्रोफोन) व फिका निळा (बाहेरून येणारा आवाज) हे इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या ‘पीसी ९९’ मार्गदर्शिकेतून रूढ झाले. मागच्या स्पीकरांचा काळा व बाजूच्यांचा करडा हा संकेत निर्मात्यांच्या व्यवहारातून स्थिरावला असावा. नारिंगी जॅक मध्य व सबवूफर यांचा.

दोषशोधन : दोष म्हणून सांगितली जाणारी बरीच प्रकरणे दोष नसतात. स्टिरिओत मुद्रित गाणे पुढच्या दोन स्पीकरांतूनच वाजते. मागचे गप्प राहणे हे योग्यच होय. म्हणून आधी विंडोजच्या ध्वनी-मांडणीत ५.१ निवडून तेथील चाचणीने एकेक स्पीकर वाजवून पाहावा. एकच स्पीकर गप्प असेल, तर त्याची वायर चालू स्पीकरला लावावी : तो वाजला तर पहिला स्पीकर बिघडला, तोही गप्प राहिला तर वायर किंवा तिच्या मागची यंत्रणा.

तीनच जॅक असलेल्या मदरबोर्डवर निळा जॅक मागच्या स्पीकरांचा आणि गुलाबी जॅक मध्य व सबवूफरचा होतो. मात्र ड्रायव्हरमध्ये (ध्वनियंत्रणा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तसे सांगावे लागते. न सांगितल्यास गुलाबी जॅक मायक्रोफोनचाच राहतो आणि संवाद ऐकू येत नाहीत.

संवाद सबवूफरमधून घुमत असतील व मध्य स्पीकर जवळजवळ मुका असेल, तर कारण वेगळे. नारिंगी जॅकच्या पिनेचे टोक सहसा मध्य मार्गाचे आणि त्यामागचे कडे सबवूफरचे असते. काही स्पीकरसंच हे उलटे धरतात. अनेक ड्रायव्हरांत या दोहोंची अदलाबदल करण्याचा पर्याय असतो. तो एकदा टिचकवला की काम होते, वायर कापण्याची गरज नसते. मार्गांच्या क्रमातूनही असाच घोटाळा होतो. वेव्ह फायलीत क्रम पुढचे दोन, मध्य, खर्ज, मागचे दोन असा आहे. लिनक्सच्या अल्सा प्रणालीत मागचे दोन आधी येतात, मध्य व खर्ज शेवटी. एखाद्या प्रोग्रॅमने हा क्रम जुळवून घेतला नाही, तर नायकाचे बोलणे प्रेक्षकाच्या पाठीमागून येते. शिवाय ५.१ मधील शेवटचे दोन मार्ग ‘बाजूचे’ की ‘मागचे’, याबाबत विंडोजमध्ये दोन वेगळ्या व्याख्या आहेत. त्यामुळे काळ्या जॅकऐवजी करड्या जॅकमधून आवाज निघाल्याचे आढळते.

आवाज प्रकाशरूपाने नेणाऱ्या ऑप्टिकल वायरीतून असंकोचित आवाजाचे दोनच मार्ग जातात. डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीने संकोचित केलेले ५.१ जाऊ शकते, म्हणून चित्रपट सहा स्पीकरांतून आणि गेम दोनांतून, असा प्रकार घडतो. गेमचा आवाज त्या त्या क्षणी संकोचित करणारी ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’सारखी सोय ध्वनिकार्डात असल्यास अडचण सुटते. एचडीएमआयवर असंकोचित आठ मार्ग जातात. मात्र वायरीच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र आपली क्षमता स्वतः कळवते. मध्ये टीव्ही असला व त्याने ‘दोन मार्ग’ असे कळवले, तर संगणक ५.१ चा पर्यायच दाखवत नाही. अशा वेळी संगणक थेट ॲम्प्लिफायर-रिसीव्हरला जोडून टीव्ही त्याच्यापुढे ठेवतात.

आपल्याकडे विकले जाणारे अनेक स्वस्त ‘५.१’ संच एकाच ऑक्स पिनेवर (दोन मार्गांच्या साध्या स्टिरिओ जोडणीवर) चालवले जातात. तेव्हा सगळ्या स्पीकरांतून स्टिरिओचीच वाटणी होते. सहा आरसीए खुंट्या (प्रत्येकी एका मार्गाच्या) असतील तर तिन्ही जोड्या लावल्यावरच मार्ग वेगळे होतात.

घूंऽ असा अखंड आवाज बहुधा अर्थिंगच्या वळशामुळे, म्हणजे उपकरणे ध्वनीच्या वायरीने व अर्थिंगनेही जोडली जाऊन बनणाऱ्या बंद मार्गामुळे, येतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने तो ५० व १०० हर्ट्‌झच्या आसपास ऐकू येतो. केबलची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढताच तो थांबला, तर वळसा तेथेच आहे. संगणक व स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेणे हा पहिला उपाय. अर्थिंगची पिन काढून टाकल्यानेही आवाज थांबतो, पण शॉक बसण्याचा धोका असल्याने तसे करू नये. ऑप्टिकल वायरीतून वीज वाहत नसल्याने संगणक आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधला वळसा तिने तुटतो. मात्र तेथे वर सांगितलेली दोन मार्गांची मर्यादा लागू होते.