निर्बंधांच्या आंतरराष्ट्रीय तुलनेची पार्श्वभूमी

कोणत्या देशाचे सरकार नागरिकांवर अधिक बंधने घालते, याचे उत्तर एका आकड्यात देण्याची प्रथा गेल्या अर्धशतकात रुजली. अमेरिकेतील ‘फ्रीडम हाउस’ ही संस्था १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून देशोदेशींच्या राजकीय हक्कांना व नागरी स्वातंत्र्याला १ ते ७ अशी श्रेणी देऊ लागली, आणि १९८९ पर्यंत हे काम मुख्यतः रेमंड गॅस्टिल या एकाच अभ्यासकाच्या हाती होते. पुढे निकष वाढले, तज्ज्ञांची मंडळे आली. पण असा आकडा प्रत्यक्ष बंधने नव्हे, तर त्यांची नोंद मोजतो, ही मूळ अडचण सुटली नाही, ती फक्त कोष्टकात झाकली गेली.

‘प्यू रिसर्च सेंटर’ या अमेरिकी संशोधन संस्थेने २००९ मध्ये धर्मावरील सरकारी निर्बंधांचा १९८ देश व प्रदेशांचा अहवाल काढला, तेव्हा हीच अडचण उघडी पडली. त्यात उत्तर कोरियाला गुणच नव्हते, कारण स्वतंत्र निरीक्षकांना तेथे नियमित प्रवेश नसल्याने दडपशाही ठाऊक असूनही तिचा तपशील मिळत नव्हता. ज्या देशात वृत्तपत्रे व न्यायालये खुली आहेत, तेथील लहानसहान कारवाईचीही नोंद होते, आणि ती नोंदच त्या देशाच्या खात्यावर चढते.

करोनाकाळात हा पेच सर्वांत ठळक झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ब्लावाटनिक स्कूलने २०२० मध्ये शाळाबंदी, प्रवासबंदी आदी उपायांवरून ० ते १०० असा कठोरता निर्देशांक तयार केला. एखाद्या प्रांतापुरता नियमही त्यात देशाच्या नावावर धरला जाई. तो सार्वत्रिक नसल्याबद्दल त्या निकषात केवळ अर्धा टप्पा वजा होई. संघराज्यांच्या बाबतीत हा हिशेब विशेष फसवा ठरतो. दुसरा पेच सूचना आणि सक्ती यांतील फरकाचा. जपानमध्ये एप्रिल २०२० च्या आणीबाणीत दुकाने बंद ठेवण्याची सरकारने केवळ विनंती केली होती. दंडाची तरतूद फेब्रुवारी २०२१ मध्ये आली. सूचना आणि सक्ती यांना निर्देशांकात वेगळे गुण असल्याने लोकांनी विनंती कितीही काटेकोरपणे पाळली, तरी गुण कमीच राहत. उलट, कागदावरचा कडक हुकूम प्रत्यक्षात कोणी पाळत नसला, तरी पूर्ण गुण मिळवून जाई. स्वीडनने सर्व काही मोकळे ठेवले, ही समजूतही त्याच काळात पसरली. वास्तविक तेथे मार्च २०२० च्या अखेरीस ५० हून अधिक लोकांच्या सार्वजनिक कार्यक्रमांवर बंदी होती.

हा निर्देशांक केवळ नियमांची कठोरता नोंदवतो, त्यांची योग्यता किंवा परिणामकारकता नव्हे, असे त्याच्या कर्त्यांनी आरंभापासून लिहून ठेवले होते.