फराळाचं पार्सल अडकतं कुठं? परदेशी टपालाच्या उशिरामागचा इतिहास

दिवाळी जवळ आली की जळगाव, भुसावळ, धुळे सगळीकडं घरोघरी एकच चौकशी, पोराचं पार्सल अमेरिकेत पोचलं का. बिबड्या, शेव, चकली, घरी कुटलेला काळा मसाला असं सगळं आई निगुतीनं बांधून देते आणि मग ट्रॅकिंगवर आठ-आठ दिवस नुसती मुंबईच दिसते. राग निघतो तो काउंटरवरच्या माणसावर, त्याचा बिचाऱ्याचा यात काहीच हात नसतो, म्हणून हे लिहितोय.

हवामानामुळं डाक रखडणं तसं जुनंच. १८६९ ला सुएझ कालवा सुरू झाला, १८७० ला मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली, मग विलायतेची डाक मुंबईला उतरून घाट चढून आपल्या भुसावळवरूनच पुढं जायची. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की बोटी लांबायच्या, आणि लोक ते धरूनच चालायचे. १८७४ ला स्वित्झर्लंडमधल्या बर्नला देशादेशांची टपाल संघटना झाली, भारत १८७६ ला तिच्यात गेला, तेव्हापासून एकमेकांची डाक पुढं न्यायची हे ठरलेलं आहे.

पुढं बोटी गेल्या, विमानं आली. आता बरीचशी डाक जाते प्रवासी विमानाच्या पोटात, म्हणजे फ्लाइट रद्द झाली की डाकही तिथंच पडून राहते आणि पुढच्या विमानात आधी प्रवाशांचं सामान, मग उरलेल्या जागेत पोस्टाच्या बॅगा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला नि मुंबई विमानतळ बंद, एप्रिल २०१० ला आइसलँडच्या ज्वालामुखीची राख उडाली तर युरोपचं आकाशच काही दिवस बंद. मार्च २०२० मधे तर कोविडमुळं आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानंच थांबली.

पण पाऊस ओसरतो, राख खाली बसते, सिक्युरिटीचा नियम एकदा आला की जात नाही, खरा फरक इथंय. आणि यातला एकेक नियम कुणाच्या तरी जिवावर बेतल्यावर आलाय. २००१ ला अमेरिकेत पाकिटांतून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पावडर पाठवली गेली, पाच माणसं मेली, त्यातले दोघं वॉशिंग्टनच्या टपाल केंद्रातले कर्मचारी होते, ते केंद्र दोन वर्षांहून जास्त बंद राहिलं. बाहेरून येणाऱ्या खाण्याच्या मालाची आधी सूचना द्यायची हा अमेरिकेचा नियम २००३ अखेरचा. मात्र घरी बनवून स्वतःच भेट म्हणून पाठवलेला फराळ त्यातून वगळलाय, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं!

२९ ऑक्टोबर २०१० ला, दिवाळीच्या आदल्याच आठवड्यात, येमेनहून निघालेल्या प्रिंटरच्या कार्ट्रिजमधे लपवलेले बॉम्ब दुबईला आणि इंग्लंडच्या ईस्ट मिडलँड्स विमानतळावर सापडले. त्यानंतर अमेरिकेनं बाहेरून येणारी १६ औंसांवरची, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमच्या वरची साधी पार्सलं प्रवासी विमानातून आणण्यावर बंधनं घातली. आता अर्धा किलो चकलीचा डबासुद्धा त्याच्या वर जातो, मग विचार करा.

२०१८ ला अमेरिकेनं कायदाच केला, पार्सल येण्याआधी त्याची माहिती कॉम्प्युटरवर आली पाहिजे. २०२१ पासून जागतिक टपाल संघटनेच्या नियमात आणि युरोपमधेही तेच आलं. पूर्वी मांजरपाटात शिवून लाखेचं सील मारलं की काम व्हायचं, आता सीएन २३ या कस्टम्सच्या फॉर्मवर प्रत्येक वस्तूचं नाव, वजन, किंमत वेगवेगळं लागतं आणि काउंटरवर तेच सगळं टाइप करतात. नुसतं 'खाऊ' किंवा 'गिफ्ट' लिहून भागत नाही, त्यावरून आत काय आहे ते कुणालाच कळत नाही आणि पार्सल बाजूला काढून ठेवलं जातं. मसाला असेल तर मसालाच लिहा, पावडर लिहू नका.

आणि जमलं तर नवरात्रातच टाका पोस्टात. डिसेंबर-जानेवारीत इकडं दिल्लीला धुकं, तिकडं न्यूयॉर्क-शिकागोला बर्फ, तेव्हा टाकलेलं पार्सल संक्रांतीपर्यंत हाती पडेल याचीही खात्री देता येत नाही.